प्रत कोणास आणि कशासाठी?

२० सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयातील एका विभागातून एक पत्र ई-मेलने रवाना झाले. तालिबानने काबूल ताब्यात घेतल्यास तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. ब्रिटिश सैन्याबरोबर दुभाषे म्हणून वा अन्य नात्याने काम केलेले अनेक अफगाण नागरिक जीव मुठीत धरून तेथे अडकून पडले होते, आणि त्यांना देशाबाहेर काढण्याची व्यवस्था करणे हे या विभागाचे काम होते. पत्र त्यांनाच होते आणि मजकुरात गैर असे काही नव्हते. चूक झाली ती पत्त्यांच्या रकान्यात. २४५ जणांचे पत्ते ज्या रकान्यात घालावयास हवे होते तो सोडून ते वरच्या रकान्यात घातले गेले. परिणामी पत्र ज्याच्या हाती पडले त्या प्रत्येकास उरलेल्या साऱ्यांचे पत्ते दिसू लागले. ५५ जणांची तर पत्त्यासोबतची छोटी छायाचित्रेही. त्यातल्या दोघांनी सर्वांना जाईल असे उत्तर धाडले आणि एकाने त्या उत्तरात आपला ठावठिकाणाही लिहून टाकला. पुढे चौकशीत आढळले की, त्याच महिन्याच्या ७ आणि १३ तारखेसही हीच चूक झाली होती आणि एकूण २६५ पत्ते उघडे पडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने संरक्षण मंत्रालयास साडेतीन लाख पौंडांचा दंड केला.

दंडाची रक्कम येथे गौण आहे. ही यादी तालिबानच्या हाती लागती तर काय झाले असते, याची कल्पना कोणासही करता येईल. परंतु एवढा मोठा धोका ज्या कृतीतून उद्भवला, ती कृती आपल्याकडील कचेऱ्यांत, बँकांत, शाळा-महाविद्यालयांत रोज असंख्य वेळा आणि बहुधा विचार न करता केली जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ई-मेल लिहिताना वरच्या बाजूस पत्त्यांचे तीन रकाने असतात: 'टू', 'सीसी' आणि 'बीसीसी'. कोणत्याही रकान्यात पत्ता घाला, पत्र पोचते, आणि सर्वांस एकाच वेळी पोचते. यंत्राच्या लेखी तिघांत फारसा भेद नाही. भेद आहे तो माणसांच्या लेखी. कोणाचे नाव कोणास दिसावे, पत्रावर कृती कोणी करावी, आणि कोणी नुसते वाचून बाजूस ठेवावे, हे या रकान्यांनी सांगावयाचे असते. दुर्दैवाने ते कोणास शिकविले जात नाही. संगणकाचे प्रमाणपत्र घेतलेला उमेदवार कळफलक झरझर चालवू शकतो; पण प्राचार्यांना लिहिलेल्या पत्राची प्रत विभागप्रमुखांना कोणत्या रकान्यातून जावी, असे विचारले तर तो गोंधळतो. त्याच्या वरिष्ठांचीही स्थिती याहून फार वेगळी नसते.

कार्बन कागदाचा वारसा

'सीसी' ही अक्षरे 'कार्बन कॉपी' या शब्दांची. ज्या पिढीने कार्बन कागद हाताळलाच नाही, तीही दिवसातून पन्नास वेळा त्याचे नाव घेते ही गंमतच म्हणावयाची. कार्बन कागदाचे पेटंट इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड याने १८०६ साली घेतले. त्यापूर्वी, १७८० मध्ये, वाफेच्या यंत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट याने ओल्या पातळ कागदावर पत्र दाबून त्याची नक्कल उमटविण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नक्कल म्हणजे मुख्यतः हाताने केलेली नक्कल. आपल्याकडे पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल सोडून पाहणाऱ्यास एकेका नकलेमागे किती कारकुनांचे हात झिजले असतील याची जाणीव होते. कार्बन कागदास खरा उपयोग लाभला तो १८७० नंतर, टंकलेखन यंत्र बाजारात आल्यावर. यंत्राच्या अक्षराचा ठोका इतका जोराचा असतो की तो तीन-चार कागदांच्या आरपार उमटतो.

ज्यांनी ही यंत्रे वापरली त्यांना त्या कामाची शिस्त आठवत असेल. वर चांगला जाड कागद, त्याखाली कार्बन, त्याखाली पातळ कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा पातळ कागद. सारी चळत नीट ठोकून सरळ करावयाची आणि रुळात सरकवावयाची. चौथी-पाचवी प्रत फिकट निघे, त्यापुढची तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षाच घेई. एक अक्षर चुकले तर ते प्रत्येक कागदावर स्वतंत्रपणे खोडावे लागे. म्हणूनच साहेबाने 'आणखी दोन प्रती काढा' असे सांगितले की टंकलेखकाच्या कपाळास आठी पडे, आणि ती आठी पाहून कित्येकदा साहेबही एका प्रतीवर समाधान मानी. प्रत ही श्रमाची वस्तू होती. श्रमाची वस्तू कोणास द्यावयाची याचा विचार माणूस करतोच.

'बीसीसी'चे मूळही याच यंत्रात आहे. एखाद्यास प्रत द्यावयाची, पण ती दिल्याचे मूळ पत्र मिळणाऱ्यास कळू द्यावयाचे नाही, असा प्रसंग आला तर टंकलेखक मूळ कागद यंत्रातून काढून घेई आणि मग उरलेल्या पातळ कागदांवरच त्या तिसऱ्या व्यक्तीच्या नावाची नोंद टंकित करी. मूळ पत्रावर ती नोंद नसे. म्हणून ती 'आंधळी' प्रत.

अर्पानेट या अमेरिकी संगणक-जाळ्यावर रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले. पुढे अशा पत्रांचा मायना कसा असावा याचे नियम ठरविण्याची गरज पडली. १९७७ मध्ये तयार झालेल्या नियमावलीत 'टू', 'सीसी', 'बीसीसी' हे तिन्ही रकाने आहेत आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी तिची जी सुधारित आवृत्ती सिद्ध केली तिच्यातही ते कायम आहेत. नियम करणारी ही मंडळी ज्या कचेऱ्यांत वावरत होती तेथे टंकलेखन यंत्रे खडखडत होती. तेव्हा नव्या साधनास जुन्या कचेरीचा शब्द देणे त्यांना स्वाभाविक वाटले असल्यास नवल नाही. २००८ च्या सुधारित नियमावलीत मात्र 'सीसी' म्हणजे टंकलेखन यंत्रावरील कार्बन प्रत, असा खुलासा देणे आवश्यक ठरले. तोवर शब्दाचा अर्थ सांगण्याची वेळ आलेली होती!

'माहितीस्तव सविनय सादर'

ई-मेलने कार्बन प्रतीचे नाव घेतले. प्रतीमागची भाषा मात्र घेतली नाही. आपल्या सरकारी पत्रव्यवहाराची पुष्कळ थट्टा होते आणि ती बरीचशी रास्तही असते. परंतु शासकीय पत्राच्या तळाशी असणारे पृष्ठांकन नीट वाचले, तर त्यात किती बारकावे भरलेले असतात ते ध्यानात येते. पत्र 'प्रति' ज्याच्या नावे असते तो उत्तरास बांधलेला. त्याखाली 'प्रत' या शब्दापुढे नावे येतात आणि प्रत्येकापुढे हेतू लिहिलेला असतो. वरिष्ठास 'माहितीस्तव सविनय सादर', कनिष्ठास 'माहिती व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी रवाना', लेखा शाखेस अमुक कारणासाठी, आणि शेवटी एक 'स्थळप्रत' वा 'निवड नस्ती'साठी. प्रत मिळालेल्या माणसाने काय करावयाचे, हे त्याला विचारावे लागत नाही. 'कार्यवाहीसाठी' म्हटले असेल तर त्याच्या टेबलावर काम आले. 'माहितीस्तव' म्हटले असेल तर त्याने सही करून कागद नस्तीस लावला म्हणजे झाले.

ई-मेलच्या 'सीसी' रकान्यात हे सारे भेद एका ओळीत दामटून बसविलेले असतात. कुलसचिव, विभागप्रमुख, लेखापाल आणि प्रयोगशाळा सहायक हे चौघे एका रांगेत उभे, आणि कोणाकडून काय अपेक्षित आहे याचा पत्ता नाही. लेखापालास वाटते की आपणास केवळ कळविले आहे. पाठविणाऱ्यास वाटते की लेखापालाने बिल काढावयास घेतले असेल. पंधरा दिवसांनी चौकशी होते तेव्हा 'तुम्हांला प्रत होती की!' हे वाक्य ऐकू येते. प्रत होती हे खरे, पण ती कशासाठी होती हे कोणी लिहिले होते?

तीच गोष्ट 'टू' या रकान्याची. या रकान्यात नाव असणे म्हणजे उत्तराची वा कृतीची जबाबदारी असणे. तेथे एक नाव असावे, फार तर दोन. प्रत्यक्षात एकेका पत्रावर तेथे आठ-दहा नावे दिसतात. पाठविणाऱ्याचा हिशेब असा की, दहांपैकी कोणीतरी काम करीलच. प्रत्येक वाचणाऱ्याचा हिशेबही नेमका तोच असतो. उरलेल्या नऊपैकी कोणीतरी करीलच. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, संकट पाहणारे जितके अधिक, तितकी त्यांतल्या एकेकाने मदतीस धावण्याची शक्यता कमी. मराठी माणसास हे सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही. भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण ज्याने रचली त्याने सामायिक जबाबदारीचे शास्त्र चार शब्दांत सांगून ठेवले आहे.

लेकी बोले सुने लागे

प्रतींचे दुसरे एक प्रयोजन आहे आणि ते कोणत्याही नियमावलीत सापडावयाचे नाही. एका लिपिकाने दुसऱ्यास लिहावे: 'गेल्या सोमवारी मागितलेली यादी अद्याप मिळाली नाही. कृपया पाठवावी.' मजकूर निरुपद्रवी. पण 'सीसी'मध्ये दोघांच्या अधीक्षकांचे नाव असले की त्याच मजकुराचा अर्थ पालटतो. आता ती विनंती राहिली नाही, ती तक्रार झाली; आणि तक्रार आहे असे शब्दांत कोठेही म्हटलेले नसल्याने तिला उत्तर देणेही कठीण. पत्र लिहिले एकास, ऐकविले दुसऱ्यास. सासूने लेकीला बोलावे आणि ते सुनेला लागावे, तसा हा प्रकार. वाईट भाग असा की, ज्याच्यावर हा प्रयोग झाला तो पुढच्या वेळी आपल्या उत्तरात आणखी वरच्या अधिकाऱ्याचे नाव घालतो, आणि चार ओळींच्या यादीचा प्रश्न दोन दिवसांत संचालकांच्या टेबलापर्यंत जाऊन पोचतो.

तरीही सर्व दोष लिहिणाऱ्याचा मानणे अन्यायाचे होईल. ज्या कचेरीत काम झाले नाही तर सर्वांत कनिष्ठ माणसास जाब विचारला जातो, तेथे तो माणूस आपल्या बचावाचे कागद जमवून ठेवणारच. 'मी वेळेवर कळविले होते, साहेबांना प्रतही होती' असे म्हणण्याची सोय त्याला हवी असते. अशा कचेरीत प्रत हा विम्याचा हप्ता असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिल्यापासून त्या हप्त्याची किंमत वाढली आहे. कनिष्ठांनी प्रतींचा सुळसुळाट थांबवावा अशी परिपत्रके काढणाऱ्या वरिष्ठांनी, आपल्या हाताखालच्या माणसास एवढ्या विम्याची गरज का भासते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

लिफाफा आणि मायना

तिसरा रकाना 'बीसीसी'चा. त्याच्याविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत, म्हणून तो चालतो कसा हे थोडक्यात पाहणे इष्ट. ई-मेलचे दोन भाग मानावेत: लिफाफा आणि आतील पत्र. आतील पत्राच्या मायन्यात 'टू' आणि 'सीसी' यांतील नावे छापलेली असतात; ती सर्वांस दिसतात. पत्र वाहून नेणारी यंत्रणा मात्र पाहते ती लिफाफ्यावरील पत्ते. 'बीसीसी'मधील पत्ता लिफाफ्यावर असतो, मायन्यात नसतो. टपालवाला घरी येतो, पण पत्रात आपले नाव नाही, अशी ती अवस्था. पाठविणाऱ्याच्या स्वतःच्या 'पाठविलेल्या' पत्रांत ही नावे सामान्यतः दिसत राहतात, तेव्हा 'कोणास कधीच कळणार नाही' ही समजूत भाबडी आहे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मूळ पत्र मिळालेल्याने 'सर्वांस उत्तर' दिले तरी ते गुप्त प्रत मिळालेल्यापर्यंत जात नाही, कारण त्याचे नाव उत्तर देणाऱ्यास ठाऊकच नसते. गुप्तपणे ऐकणाऱ्यास संभाषणाचे पहिले वाक्य तेवढे ऐकू येते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. गुप्त प्रत मिळालेल्या माणसाच्या ध्यानात आपली स्थिती आली नाही आणि त्याने स्वतःच 'सर्वांस उत्तर' ही कळ दाबली, तर तो पडद्यामागून एकदम रंगमंचावर येतो. त्याचे नाव, तो हे सारे वाचत होता ही वस्तुस्थिती, आणि त्याला वाचावयास कोणी दिले तेही, सर्वांस एका क्षणात कळते. कचेरीतील वर्षानुवर्षांचे संबंध अशा एका उत्तराने तुटू शकतात. २००८ च्या नियमावलीनेही या धोक्याची सूचना देऊन ठेवलेली आहे.

मग हा रकाना वाईटच का? तसे म्हणता येणार नाही. परस्परांना न ओळखणाऱ्या पुष्कळ लोकांना एकच सूचना द्यावयाची असेल तर त्यांचे पत्ते एकमेकांपासून झाकणे हे सौजन्य आहे, किंबहुना कर्तव्य आहे. दुसराही एक चांगला उपयोग रूढ होत आहे. दोघांची गाठ घालून देणाऱ्या तिसऱ्या माणसास पुढच्या सगळ्या पत्रापत्रीचा त्रास नको म्हणून त्याचे नाव 'बीसीसी'त हलवितात आणि पत्रात तसे स्पष्ट लिहितात. येथे झाकाझाक काहीच नाही. आक्षेप आहे तो सहकाऱ्याशी खाजगीत बोलत असल्याचा देखावा करून ते बोलणे साहेबांस ऐकविण्याच्या प्रथेस. साहेबांस पत्र दाखवावयाचेच असेल तर 'सीसी'त उघडपणे दाखवावे, अथवा नंतर स्वतंत्रपणे अग्रेषित करावे. अग्रेषित केलेल्या पत्रात निदान मागाहून दिल्याचा प्रामाणिकपणा तरी असतो.

नॉटपेड पत्रांचा हिशेब

आता या प्रतींच्या अर्थशास्त्राकडे वळावयास हरकत नाही. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यास भरावे लागत. रोलंड हिल यांनी ती पद्धत उलटी केली; पैसे पाठविणाऱ्याने आधी भरावयाचे आणि त्याची खूण म्हणून तिकीट चिकटवावयाचे. हिंदुस्थानातही १८५४ पासून अंतर कितीही असो, वजनावर आधारलेला एकच दर सुरू झाला. तिकीट न लावता टाकलेल्या पत्रासाठी घेणाऱ्याकडून दुप्पट आकार वसूल होई. अशा पत्रास आपल्याकडे 'नॉटपेड' म्हणत आणि ते दारात आले की घरात कपाळाला हात लावला जाई. हिल यांच्या सुधारणेतील तत्त्व साधे पण महत्त्वाचे होते. लिहावयाचे की नाही हे ज्याच्या हाती, खर्चही त्याच्याच माथी.

ई-मेलच्या प्रतीने हे तत्त्व पुन्हा उलटविले आहे. साठावा पत्ता घालण्यास पाठविणाऱ्यास काहीही पडत नाही. किंमत मोजावी लागते ती वाचणाऱ्यास, आणि ती पैशात नसून लक्षात असते. समजा, एका महाविद्यालयातील साठ कर्मचाऱ्यांना एक प्रत गेली आणि ती उघडून, आपल्याशी तिचा संबंध नाही हे कळून, पुसून टाकण्यास प्रत्येकास अर्धा मिनिट लागला. त्या एका प्रतीने संस्थेचा अर्धा तास खाल्ला. दिवसाला अशी दहा पत्रे आली तर पाच तास गेले, म्हणजे जवळजवळ एका लिपिकाचा पूर्ण दिवस. कोणत्याही ताळेबंदात हा खर्च दिसणार नाही. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या ग्रंथात ज्या खर्चाचा विचार केला तो हाच: एकाच्या कृतीचा भार त्या व्यवहारात नसलेल्या दुसऱ्यावर पडणे. कारखान्याचा धूर आणि विनाकारण पाठविलेली प्रत यांत तत्त्वतः फरक नाही. हर्बर्ट सायमन यांनी तर १९७१ मध्येच निदर्शनास आणले होते की, माहिती विपुल झाली की ती ज्याचा फडशा पाडते ते, म्हणजे माणसाचे अवधान, दुर्मिळ होते.

कार्बन कागदाच्या काळी पाचव्या-सहाव्या प्रतीची फिकट अक्षरे हाच या व्यवहारातील स्वयंचलित कर होता. तो कर रद्द झाला. त्याची जागा कशानेही भरून काढलेली नाही. ई-मेलवर पैशाचा आकार बसविण्याच्या सूचना अधूनमधून होतात, पण कचेरीच्या अंतर्गत व्यवहारात त्या अव्यवहार्य आहेत. त्यापेक्षा पृष्ठांकनाची जुनी रीत अधिक उपयोगी पडेल. पत्राच्या पहिल्याच ओळीत 'लेखापालांनी बिल तपासावे. विभागप्रमुखांस केवळ माहितीसाठी' असे लिहिण्याची सक्ती असेल, तर प्रत्येक जादा नावामागे पाठविणाऱ्यास एक वाक्य खर्च करावे लागेल. ज्याच्यापुढे लिहिण्यास काही सुचणार नाही त्याचे नाव आपोआप गळेल.

लक्षाची ही उधळपट्टी टोकास गेली म्हणजे काय होते त्याचा नमुना १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत पाहावयास मिळाला. एका चाचणीच्या पत्रासाठी केलेली यादी चुकीने संपूर्ण यंत्रणेची झाली आणि ते पत्र सुमारे ८,४०,००० खात्यांत जाऊन पडले. यातून फार नुकसान झाले नसते. परंतु 'हे मला का आले?', 'माझे नाव काढा', असे लिहिणाऱ्यांनी 'सर्वांस उत्तर' ही कळ वापरली. अशा ऐंशी उत्तरांचा गुणाकार केला तरी तो पावणेसात कोटी पत्रांच्या घरात जातो. मग 'कृपया सर्वांस उत्तर देऊ नका' असे सर्वांस सांगणारे पुढे सरसावतात! ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या ई-मेलची प्रणाली बनविणाऱ्या कंपनीतही अगदी असेच घडले होते. तेव्हा हा अडाण्यांचा दोष आहे असे कोणी समजू नये.

झाकावयाचे पत्ते

वेळेचा अपव्यय सोसता येतो. नाव उघडे पडण्याने होणारी हानी मात्र भरून येत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनमधील एका चिकित्सालयाने एचआयव्ही-बाधितांसाठीच्या सेवेचे वार्तापत्र ७८१ जणांना धाडले आणि सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले; ७३० पत्त्यांत पूर्ण नावे होती. पुढल्या वर्षी त्या रुग्णालयास १,८०,००० पौंड दंड झाला. २७ फेब्रुवारी २०१७ रोजी बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगाच्या कचेरीत घडलेला प्रकार तर अधिक बोधप्रद आहे. चौकशीत सहभागी असलेल्या ९० जणांना पत्र 'बीसीसी'तून अगदी बिनचूक गेले. मग त्यात एक किरकोळ चूक आढळली. ती दुरुस्त करणारे दुसरे पत्र घाईने लिहिले गेले आणि त्यात पत्ते 'टू'मध्ये पडले. २०१८ मध्ये त्या आयोगास दोन लाख पौंड दंड झाला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितले की, 'बीसीसी' नीट न वापरल्याच्या सुमारे हजार घटना २०१९ पासून त्याच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे अशा घटना होत नाहीत असे मानण्यास आधार नाही. त्या मोजणारा कोणी नव्हता इतकेच. शुल्क थकलेल्या विद्यार्थ्यांना गेलेले स्मरणपत्र, मागासवर्गीय शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी कळविणारे पत्र, अनुत्तीर्णांसाठीची पुनर्परीक्षेची सूचना, ही महाविद्यालयाच्या कचेरीतून नेहमी जाणारी पत्रे आहेत. यांतील प्रत्येक यादीत नाव असणे ही त्या मुलाची खाजगी बाब आहे. ज्या मुलाने आपली जात वा घरची ओढाताण वर्गमित्रांना सांगितलेली नाही, त्याची ती गोष्ट एका रकान्याच्या चुकीने साऱ्या वर्गाच्या भ्रमणध्वनीवर जाऊन पोचते. त्याने कोणाकडे दाद मागावी? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने घोषित केले. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी अंमलबजावणीचे टप्पेही ठरवून दिले. तरीही एवढ्या मोठ्या दंडाची भाषा आणि महाविद्यालयाच्या खिडकीआड बसलेला हंगामी लिपिक यांच्यात फार अंतर आहे. त्या लिपिकास तीन रकान्यांतील फरक अर्ध्या तासात समजावून सांगणे कायद्याच्या कलमांहून अधिक फलदायी ठरेल.

त्यातही केवळ 'बीसीसी वापरा' असे सांगून भागत नाही. हा रकाना इतर दोहोंच्या अगदी शेजारी असतो. दिवसाचे शंभरावे पत्र धाडणाऱ्या थकलेल्या हातास तो चुकणे अगदी शक्य असते. संवेदनशील यादी असेल तर प्रत्येकास त्याच्या एकट्याच्या नावाचे स्वतंत्र पत्र जावे हेच उत्तम. 'मेल मर्ज' या नावाची सोय बहुतेक संगणकांवर असते. एकच मजकूर आणि नावांची यादी दिली की यंत्र तितकी पत्रे तयार करते. यात झाकावयाचे काही उरतच नाही, कारण दुसऱ्याचे नाव पत्रात कधी आलेलेच नसते. पत्ते शेवटी घालणे, म्हणजे मजकूर पुरा होईपर्यंत तिन्ही रकाने कोरे ठेवणे, ही दुसरी साधी सवय. तिला खर्च काहीच नाही.

ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने त्या प्रकरणानंतर जो बंदोबस्त केला तोही यंत्राचा नव्हता. बाहेरच्या अनेकांना जाणारे पत्र एकाने तयार करावयाचे आणि रवाना होण्यापूर्वी दुसऱ्याने तपासावयाचे, असा नियम त्या विभागात करण्यात आला. मराठी कचेऱ्यांत या कामास रुजवात म्हणत. एक कारकून मूळ कागद मोठ्याने वाची, दुसरा नकलेवर बोट फिरवीत ऐके, आणि मग नकलेखाली दोघांच्या सह्या होत.